होमप्लेटमागे उभे राहताना पायांत काय घालावे?

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

प्रश्न : मी परळ येथील एका शाळेत शारीरिक शिक्षणाचा शिक्षक आहे. शालेय सॉफ्टबॉलच्या आणि अलीकडे बेसबॉलच्याही सामन्यांत होमप्लेटमागे, म्हणजे बॅटर खेळतो त्या जागेच्या मागे, पंच म्हणून उभा राहतो. पूर्वी क्रिकेटची पंचगिरी केलेली असल्यामुळे चामड्याचे काळे बूट घरात होतेच. तेच येथेही वापरतो. मागील सामन्यात बॅटच्या खालच्या अंगाला लागून वळलेला फाऊल चेंडू थेट उजव्या पायावर आदळला. अंगठ्याचे नख काळे पडले आणि नाड्यांखालचा भाग बरेच दिवस सुजलेला राहिला. परदेशात पंचांसाठी खास बूट मिळतात असे कळले, परंतु किंमत पाहून तो विचार सोडून दिला. दोन हजार रुपयांच्या आसपास काही उपाय आहे का? कारखान्यातील कामगार वापरतात ते पोलादी टोपीचे (बोटांवर पोलादी कवच असलेले) सेफ्टी शूज चालतील का?
— एक वाचक, परळ

उत्तर : सेफ्टी शूज चालतील, परंतु तेवढ्याने भागणार नाही. आपणास मार दोन ठिकाणी लागला आहे, अंगठ्याला आणि नाड्यांखाली. पहिल्या जागेचे संरक्षण मुंबईत सहज आणि स्वस्तात मिळते. दुसऱ्या जागेचे साध्या सेफ्टी शूजमध्ये मिळत नाही, आणि पोलादी टोपीचे बूट घेऊन निश्चिंत झालेले पंच नेमके तेथेच उघडे राहतात. त्यामुळे दोन हजारांपैकी सगळी रक्कम बुटांवर न घालवता काही भाग या दुसऱ्या जागेसाठी राखून ठेवावा, असे आमचे मत आहे.

क्रिकेटचा पंच चेंडूपासून बऱ्याच अंतरावर असतो आणि चेंडू आपल्या दिशेने येताना दिसला तर बाजूला होण्याची त्याला मुभा असते. होमप्लेटमागचा पंच मात्र कॅचरच्या (क्रिकेटच्या यष्टिरक्षकासारख्या खेळाडूच्या) पाठीशी, गुडघे वाकवून, हलायचे नाही असे ठरवूनच उभा राहतो. त्यातही तो कॅचरच्या बरोबर मागे नसतो. कॅचरचा खांदा आणि बॅटर यांच्यामधल्या फटीतून, म्हणजे पंच ज्याला स्लॉट म्हणतात तेथून, त्याला स्ट्राइक झोन, म्हणजे वैध चेंडूसाठी ठरलेला पट्टा, पाहावयाचा असतो आणि त्या फटीच्या बाजूचा पाय किंचित पुढे ठेवावा लागतो. बॅटर उजव्या हाताने खेळणारा असेल तर हा डावा पाय, डावखुरा असेल तर उजवा. या पुढच्या पायाला कॅचरच्या शरीराचा आडोसा जवळजवळ मिळत नाही. (आपणास उजव्या पायावर चेंडू लागला, तेव्हा समोर डावखुरा बॅटर असण्याची शक्यता बरीच आहे.) बॅटला जेमतेम स्पर्श करून दिशा बदललेला चेंडू, खाली आपटून येणारा फाऊल आणि कॅचरच्या हातून निसटलेला टप्प्याचा चेंडू हे तिन्ही याच पायाकडे येतात.

आता टोपीच्या ताकदीविषयी. बेसबॉलच्या चेंडूचे वजन नियमाप्रमाणे १४२ ते १४९ ग्रॅम असते, म्हणजे क्रिकेटच्या चेंडूपेक्षा थोडे कमीच. बारा इंची सॉफ्टबॉल मात्र १७८ ते १९८ ग्रॅमचा असतो. ताशी १०० किलोमीटर वेगाने आलेल्या बेसबॉलमध्ये सुमारे ५६ ज्यूल ऊर्जा असते, आणि जगातील अतिवेगवान पिचरचा (चेंडू टाकणाऱ्याचा) ताशी १६० किलोमीटरचा वेग धरला तरी ती १४३ ज्यूलच्या आसपास जाते. भारतीय मानक आयएस १५२९८ च्या दुसऱ्या भागाप्रमाणे बनविलेल्या सेफ्टी शूजची टोपी २०० ज्यूलच्या आघाताला तपासलेली असते. या चाचणीत २० किलोचे वजन साधारण एक मीटर उंचीवरून टोपीवर सोडतात आणि त्यानंतर आत बोटांसाठी ठरावीक पोकळी शिल्लक राहिली आहे का, ते मोजतात; आठ नंबरच्या बुटात ही पोकळी किमान १४ मिलिमीटर असावी लागते. चेंडूचा आघात याहून वेगळ्या जातीचा, अधिक जलद आणि लहान जागेवर होणारा असतो हे मान्य केले, तरी शालेय सामन्यांसाठी ही टोपी पुरेशी आहे याबद्दल शंका नको. पोलादी टोपी वाकली तर बोटे तुटतात, अशी एक भीती मैदानावर नेहमी ऐकू येते. ज्या आघाताने ती टोपी वाकेल, त्या आघातात उघड्या बोटांचे काय होईल याचा विचार केला, तर त्या भीतीत फारसे तथ्य उरत नाही.

अडचण टोपीच्या लांबीची आहे. या मानकात टोपीची आतील लांबी चार सेंटिमीटरच्या आसपास असली तरी चालते. बोटे झाकली जातात, परंतु बोटांच्या मागे घोट्याकडे जाणारी पाच लांब हाडे, ज्यांवर आपण नाड्या बांधतो, ती केवळ चामड्याची जीभ आणि चार दोऱ्या यांच्या भरवशावर राहतात. या हाडांवर मांसाचे आवरण फार पातळ असते. पंचांसाठी बनविलेल्या खास बुटांत नेमका याच जागेचा विचार केलेला असतो : पुढे टोपी असतेच, शिवाय नाड्यांवरून खाली येणारी कठीण प्लॅस्टिकची किंवा धातूची ढाल असते आणि तिच्यावरून चामड्याची झडप बंद होते. न्यू बॅलन्ससारख्या कंपन्यांचे असे बूट अमेरिकेत साधारण शंभर ते दीडशे डॉलरला मिळतात. वाहतूक आणि सीमाशुल्क धरून ते येथे मागविणे महिन्यातून दोन-चार सामने करणाऱ्या शिक्षकाला परवडण्यासारखे नाही, आणि परवडले तरी मापात चूक झाल्यास परत करण्याचा खर्च निराळाच. आमच्या मते तो नाद सोडावा.

नाड्यांवरच्या जागेसाठी येथे तीन मार्ग आहेत. पहिला मार्ग बहुधा आपल्या किटमध्ये आधीपासूनच असेल. पंचांच्या किंवा कॅचरच्या चांगल्या लेगगार्डला खालच्या टोकाशी पावलावर येणारी एक झडप असते. ती नीट बसत असेल, म्हणजे गुडघे वाकवून उभे राहिल्यावरही तिची पुढची कड बुटाच्या टोपीवर थोडी चढत असेल, तर साधे पोलादी टोपीचे बूट आणि ही झडप मिळून काम बरेच भागते. घरी आरशासमोर लेगगार्ड बांधून, बूट घालून, प्रत्यक्ष पवित्रा घेऊन पाहावे. सरळ उभे असताना बरोबर बसलेली झडप गुडघे वाकले की वर सरकते आणि तीन-चार बोटे रुंद जागा उघडी पडते, असे पुष्कळदा आढळते. अशा वेळी लेगगार्डचे पट्टे एक घर खाली घेऊन पाहावेत. तेवढ्याने भागले नाही तरच पुढचा खर्च करावा.

दुसरा मार्ग म्हणजे ओतकामाच्या कारखान्यांत वापरले जाणारे, बुटावरून पट्ट्याने बांधायचे मेटाटार्सल गार्ड, म्हणजे नाड्यांखालच्या लांब हाडांचे कवच. प्लॅस्टिकचे किंवा ॲल्युमिनियमचे हे कवच कोणत्याही बुटावर चढते आणि सामना संपला की काढून पिशवीत टाकता येते. दिसायला ते जरा अवजड वाटते, परंतु पंचांची पॅन्ट लेगगार्डसाठी पायाशी सैल शिवलेली असल्यामुळे बरेचसे झाकले जाते. याचा आणखी एक फायदा शाळेने लक्षात घेण्यासारखा आहे. बूट ज्याचे त्यालाच होतात, गार्ड मात्र निरनिराळ्या मापांच्या पायांवर बसतात. तेव्हा शाळेने किंवा जिमखान्याने अशा दोन जोड्या घेऊन साहित्याच्या खोलीत ठेवल्या, तर प्रत्येक पंचाला स्वतंत्र खर्च करावा लागणार नाही. आपण शिक्षक असल्याने हा प्रस्ताव क्रीडा साहित्याच्या वार्षिक मागणीत घालणे आपल्याला सहज जमेल.

तिसरा मार्ग म्हणजे पावलाच्या वरच्या भागाचे संरक्षण शिवतानाच बसविलेले सेफ्टी शूज. सुरक्षा पादत्राणांच्या खुणांमध्ये यासाठी एम हे अक्षर असते आणि त्याची चाचणी १०० ज्यूलला होते. संरक्षणाच्या दृष्टीने हे पंचांच्या खास बुटांच्या सर्वांत जवळ जाते. परंतु असे बूट जड असतात, दुकानात मागणी केल्याशिवाय सहसा दिसत नाहीत आणि दोन हजारांच्या मर्यादेत ते बसतीलच असे नाही.

खरेदीसाठी नागदेवी स्ट्रीट आपल्याला परळहून सोयीची पडेल. हार्डवेअर आणि औद्योगिक साहित्याच्या तेथील दुकानांत पोलादी टोपीचे साधे बूट हजार रुपयांच्या आतबाहेर मिळतात, तर खेळाच्या बुटासारखे दिसणारे हलके प्रकार साधारण दीड ते अडीच हजारांपर्यंत जातात. धोबी तलावच्या खेळसाहित्याच्या दुकानांत असे बूट शोधण्यात वेळ घालवू नये. तेथे लेगगार्ड आणि मास्क पाहावेत. बूट हातात घेतल्यावर आयएसआयची खूण आणि त्याखालील मानकाचा क्रमांक आधी वाचावा, कारण आयएस १५२९८ चे भाग निरनिराळे आहेत आणि काउंटरवर सगळे बूट सारखेच दिसतात. दुसऱ्या भागातील बुटाची टोपी २०० ज्यूलची, तिसऱ्या भागातील १०० ज्यूलची, आणि चौथ्या भागातील बुटाला अशी टोपी असण्याचे बंधनच नाही. रस्त्यावर विकल्या जाणाऱ्या काही बुटांत नुसता कडक पुठ्ठ्यासारखा थर असतो. अंगठ्याने जोर देऊन दाबले असता तो किंचित जरी आत गेला तर ते बूट खाली ठेवावेत. तळव्याच्या घसरणरोधकतेविषयी एसआरसी वगैरे खुणा दाखवून विक्रेता भाव वाढवू पाहील. त्या चाचण्या साबणाच्या पाण्याने भिजलेल्या फरशीवर आणि ग्लिसरीन लावलेल्या पोलादावर होतात. शिवाजी पार्कच्या तांबड्या मातीविषयी किंवा ओल्या गवताविषयी त्या काही सांगत नाहीत. आपल्या कामासाठी खोल, सुट्या नक्षीचा तळवा पुरे.

बूट संध्याकाळी घ्यावेत, कारण दिवसभर उभे राहिल्यावर पाय थोडे फुगतात, आणि सामन्यात घालता तेच जाड मोजे बरोबर न्यावेत. टोपी हा बुटाचा असा भाग आहे की जो वापरून सैल होत नाही. दुकानात करंगळी टोपीच्या कडेला लागत असेल तर ती पुढेही लागतच राहील. बूट घालून दुकानातच पवित्रा घ्यावा, टाचा उचलून चवड्यांवर यावे आणि टोपीची मागची कड बोटांच्या सांध्यावर रुतते का ते पाहावे. दुकानदार हसला तर हसू द्यावे.

वजनाचाही विचार हवा. शालेय सामन्यांत पुष्कळदा एकच पंच असतो आणि चेंडू मारला गेला की त्याला प्लेट सोडून आत धावावे लागते. अशा पंचाला जड बूट दुसऱ्या डावापासूनच जाणवू लागतात, आणि दमलेला पंच बेसवरचा निर्णय लांबून देतो. म्हणून आपण एकट्याने सामने करत असाल तर कंपोझिट (धातूऐवजी तंतुमिश्रित प्लॅस्टिकच्या) टोपीचे हलके बूट आणि लेगगार्डची झडप ही जोडी आम्ही सुचवू; बरोबर बेस पंच (मैदानात बेसजवळ उभा राहणारा दुसरा पंच) असेल तर स्वस्त पोलादी टोपी आणि बांधायचे गार्ड. कंपोझिट टोपी उन्हात तापत नाही हा फायदा एप्रिलमधल्या सामन्यांत छोटा नाही. मात्र पोलादी टोपीला पोचा आला तर तो दाबून पाहता कळतो, कंपोझिट टोपीला आतून गेलेला तडा बाहेरून दिसत नाही. तिच्यावर जोराचा चेंडू बसला असेल तर बूट बदलणे इष्ट.

हे सर्व लिहिल्यावर एक गोष्ट आपल्या पत्रात न विचारलेली. आपला मास्क जुना झाला असेल, त्याची गादी दबली असेल किंवा गळ्याचे संरक्षण नसेल, तर हे दोन हजार रुपये आधी तिकडे खर्च करावेत. क्रिकेटचे ॲबडॉमिनल गार्ड येथेही उत्तम चालते, तेवढे नवे घेण्याची गरज नाही. पायाचे हाड मोडले तर ते जुळते.

प्रश्न : मी महिलांच्या सॉफ्टबॉल सामन्यांत पंच आहे. माझ्या पायाचे माप चार नंबरचे आहे. सेफ्टी शूजच्या दुकानांत सहा नंबरच्या खाली काही दाखवत नाहीत आणि "आत जाड सोल टाका, चालून जाईल" असे सांगतात. तसे केले तर चालेल का?
— एक वाचिका, विलेपार्ले

उत्तर : कृपया तसे करू नये. साध्या बुटात दोन नंबरांचा फरक जाड मोज्यांनी सांभाळता येतो, टोपीच्या बुटात नाही. टोपीची मागची कड कोठे येते हे बुटाच्या मापावर ठरते. मोठ्या बुटात आपला पाय पुढे सरकला तर बोटे टोपीच्या टोकाला जाऊन आदळतील आणि चवड्याच्या मोडीची जागा व बुटाच्या मोडीची जागा जुळणार नाही. आतील जाड सोलने पाय वर उचलला जातो, म्हणजे टोपीखालची जी पोकळी बोटे वाचविण्यासाठी ठेवलेली असते तीच भरून निघते. सॉफ्टबॉलचा चेंडू बेसबॉलपेक्षा जड असतो हेही विसरू नये.

बाजारात महिलांच्या मापाचे सेफ्टी शूज बनतात, कारखान्यांत आणि गोदामांत काम करणाऱ्या महिलांसाठी त्यांची मागणी असते; दुकानात साठा नसला तरी कंपनीच्या यादीतून तीन, चार आणि पाच नंबर मागवून देता येतात का, हे विचारावे. आणखी एक वाट चेंबूरजवळच्या ठक्कर बाप्पा कॉलनीची. तेथे बूट बनविणारे अनेक छोटे कारखाने आहेत. आपल्या मापाच्या फर्म्यावर, म्हणजे पायाच्या आकाराच्या साच्यावर, तयार मिळणारी प्रमाणित टोपी बसवून बूट शिवून देणारा कारागीर मिळू शकेल. त्या बुटाला आयएसआयची खूण नसेल, त्यामुळे टोपी कोणत्या प्रमाणित बुटाची किंवा कोणत्या उत्पादकाची आहे हे विचारून, ती बसविण्यापूर्वी डोळ्यांनी पाहून घ्यावी. त्याच वेळी नाड्यांवर येणारी झडप आणि तिच्या आत कठीण प्लॅस्टिकचा तुकडा शिवून घेता येईल, जे तयार बुटात आपल्याला मिळाले नसते. मापाची अडचण असलेल्या पंचाला हा मार्ग तयार बुटापेक्षा सरस ठरेल, असे आम्हाला वाटते.

प्रश्न : जुन्या स्पोर्ट्स शूजमध्ये आमच्या स्टेशनबाहेरील चांभारदादांनी पत्र्याची टोपी आतून चिकटवून दिली आहे. खर्च अगदी थोडा आला. धोका आहे का?
— एक वाचक, भांडुप

उत्तर : धोका आहे. सेफ्टी शूजमधील टोपीची खालची कड आतल्या बाजूला वळलेली असते आणि ती जाड तळव्याच्या कठीण थरावर टेकलेली असते. वरून आलेला जोर त्या कडेतून तळव्यात उतरतो. स्पोर्ट्स शूजचा तळवा मऊ फोमचा असल्यामुळे पत्र्याला टेकायला काही नसते. चेंडू बसला की पत्रा फोममध्ये घुसतो आणि त्याची मागची कड बोटांवर दाबली जाते. ती टोपी काढून टाकावी. चांभारदादांच्या हाताचा उपयोगच करावयाचा असेल तर प्रमाणित सेफ्टी शूजच्या जिभेवर बाहेरून चामड्याची झडप आणि तिच्यात कठीण प्लॅस्टिक शिवून घ्यावे. त्यासाठी टोपीला किंवा तळव्याला हात लावावा लागत नाही.

प्रश्न : दोन वर्षांपूर्वी घेतलेले सेफ्टी शूज मोजक्याच सामन्यांत वापरले आणि कपाटात ठेवले. या पावसाळ्यानंतर बाहेर काढले तर तळवा चालता चालता भुगा होऊन पडला. वापरलेच नाहीत तर खराब कसे झाले?
— एक वाचक, मुलुंड

उत्तर : बहुधा तळवा पॉलियुरेथेनचा होता. हा पदार्थ हलका आणि पायाला मऊ असतो म्हणून बुटांत फार वापरला जातो, परंतु उष्ण आणि दमट हवेत पाण्याच्या वाफेने त्याच्या रेणूंची साखळी हळूहळू तुटत जाते. वापर न करता बंद कपाटात किंवा प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवलेल्या बुटांनाही हे चुकत नाही, आणि मुंबईचे चार महिने त्याला पोषकच असतात. नवीन जोडी घेताना बुटावर किंवा जिभेवर छापलेला उत्पादनाचा महिना व वर्ष वाचावे. सवलतीत मिळणारा जुना साठा म्हणूनच स्वस्त असतो. वर्षातून थोडेच सामने होत असतील तर नायट्राइल रबराचा तळवा घ्यावा. तो जड आणि थोडा महाग असला तरी असा विरघळत नाही. सामन्यानंतर बूट लगेच पिशवीत न कोंबता आतला सोल काढून, वर्तमानपत्राचे बोळे भरून, पंख्याखाली वाळवावेत. कडक उन्हात वाळविल्यास चामडे कडक होते. टोपीच्या अस्तराला आतून भोक पडले असेल तर घामाने पोलाद गंजते, तेव्हा अधूनमधून हात घालून पाहावे.

प्रश्न : मी फक्त बेस पंच म्हणून काम करतो. मलाही टोपीचे बूट हवेत का? आणि पायावर चेंडू लागल्यास सामना सोडावा का?
— एक वाचक, गिरगाव

उत्तर : बेस पंचाला टोपीची गरज नाही. त्याला चटकन वळता आणि धावता आले पाहिजे. काळ्या रंगाचे, चांगल्या पकडीचे हलके बूट पुरेत. प्लेटमागे जाण्याची पाळी कधीतरी येणार असेल तर वर लिहिलेले बांधायचे गार्ड पिशवीत असू द्यावेत.

पायावर चेंडू बसल्यास वेळ मागून घ्यावा. पंचाला तो अधिकार आहे, आणि कॅचरही सहसा समजूतदारपणे मास्क वगैरे ठीक करत मध्ये वेळ काढतो. स्वतःच्या बळावर चार पावले टाकता येत नसतील, किंवा करंगळीच्या हाडाच्या मागच्या टोकाशी, पावलाच्या बाहेरच्या कडेच्या मध्यावर, बोटाने दाबल्यावर तीव्र वेदना होत असेल, तर सामना दुसऱ्याकडे सोपवून त्याच दिवशी एक्स-रे काढावा. बूट मात्र मैदानावर लगेच काढू नये; सूज आली की तो पुन्हा चढत नाही आणि स्टेशनपर्यंत अनवाणी जावे लागते. नाड्या सैल कराव्यात, पाय उंचावर ठेवावा आणि कापडात गुंडाळलेला बर्फ लावावा.